तिन्ही आरोप खरे होते

काकांना दवाखान्यातून काढलं तेव्हा जे पत्र त्यांच्या हातात दिलं, त्यात तीन आरोप होते. दुष्काळाच्या दिवसांत दवाखान्याला भेट द्यायला आलेल्या सन्माननीय पाहुण्यांना त्यांनी प्यायला पाणी नाकारलं. संस्थेच्या मालकीचा एक रबरी शिक्का जाणूनबुजून नष्ट केला. आणि बाजाराच्या दिवशी रुग्णांच्या बाकावर उभं राहून आरडाओरडा केला, त्यामुळं संस्थेची बदनामी झाली.

ते पत्र मी त्यांच्या हातून घेऊन वाचलं. वाचताना माझं डोकं तापलं. म्हटलं, "काका, याच्यावर भांडायचं. वरपर्यंत जायचं. अर्ज मी लिहून देते."

ते म्हणाले, "बाई, आरोप खोटे असते तर भांडलो असतो. तिन्ही खरे आहेत. खऱ्याशी काय भांडायचं?"

याला आता खूप वर्षं झाली. माझा संताप मात्र उतरलेला नाही, आणि परवा त्या दवाखान्याची स्मरणिका हाती आली तेव्हा तो पुन्हा चढला. जमीन देणाऱ्यापासून भिंतींना रंग देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. काकांचं नाही. एका फोटोत कडेला, कुणाच्या तरी खांद्यामागून, काळपट बोटांचा एक हात तेवढा आलाय. बोटांवरून मी तो ओळखला.

ती बोटं काळपट नव्हती, जांभळी होती. काच रंगवायच्या औषधानं कायमची जांभळी झालेली. गावातली पोरं म्हणायची, काका रोजच मतदान करून येतात.

काका म्हणजे त्या दवाखान्यातले रक्त तपासणारे. आमच्याकडं तेव्हा सगळंच सहकारी निघत होतं. कारखाना, दूधडेअरी, तसाच एका संस्थेनं काढलेला हा दवाखाना. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मागच्या बाजूला पूर्वी खताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती, तीच त्यांची लॅब. पावसाळी हवेत अजून युरियाचा वास यायचा म्हणे. मी गेले त्या वर्षी पावसाळी हवाच नव्हती. दाराला पुठ्ठा टांगलेला असे: "मोजणी चालू आहे. हाक मारू नये. आग लागल्यास कडी वाजवावी."

मोजणी म्हणजे रक्तातल्या पेशींची. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच ठेवायची आणि डोळ्यानं एकेक पेशी मोजायची. मोजताना बोटानं दाबून आकडा पुढं सरकवायचं छोटं यंत्र मोडलं होतं आणि संस्था नवं देत नव्हती, म्हणून काकांनी ज्वारी आणली होती. दोन जर्मनच्या वाट्या. दहा पेशी झाल्या की एका वाटीतला एक दाणा दुसरीत. मोजायचे उर्दूत. निजामाच्या काळात शाळा उर्दूतून झालेली, गणित त्याच भाषेत पक्कं बसलं होतं. एरवी चांगलं मराठी बोलणारा हा माणूस काचेवर डोळा टेकला की "ग्यारह, बारह, तेरह" सुरू करायचा. काच रंगवून झाली, पाहून झाली, तरी टाकायचे नाहीत. टपरीवरून सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा करून आणायचे आणि पेशंटचं नाव घालून काचा त्यांत ठेवायचे. स्वतः सुपारीही खात नसत, पण दिवसाला चार पाकिटं ओढतात अशी त्यांची ख्याती होती.

इतका हट्ट कशासाठी, म्हणून लोक कारणं शोधायचे. बायको चुकीच्या तपासणीनं गेली म्हणे, मुलगा गेला म्हणे. तसलं काही नव्हतं. माणूस नुसता सरळ होता. आपल्याकडं वाकड्या माणसाला कुणी कारण विचारत नाही, सरळ माणसाला मात्र विचारतात.

पाण्याची गोष्ट मला दवाखान्यातल्या आयाबाईंनी सांगितली. टँकरचं पाणी जड असायचं. त्यानं काच धुतली की तिच्यावर बारीक कण उरतात, आणि ते कण प्लेटलेटसारखे दिसतात. प्लेटलेट म्हणजे रक्तातले सगळ्यात बारीक कण. कुठं कापलं, खरचटलं, की तिथं धावत जाऊन भोक बुजवणारे. पाण्यातली घाण प्लेटलेट म्हणून मोजली जाऊ नये, यासाठी काकांनी कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवली होती. वाफ त्या नळीतून थेंब थेंब बाटलीत पडायची. अर्धा दिवस स्टोव्ह जाळला की एक बाटली. ती ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे.

एके दिवशी एक मोठे पुढारी दुष्काळी दौऱ्यावर आले आणि दवाखान्यात शिरले. टँकर आला नव्हता, माठ कोरडा. कारकून धावत लॅबमध्ये गेला.

"काका, सायबांना घोटभर पाणी द्या."

"माझ्याकडं प्यायचं पाणी नाही."

"आन् बाटलीत काय हाय मग?"

"ते रक्ताचं पाणी आहे."

तोवर पुढारीच दारात आले. हसत म्हणाले, "मास्तर, माणूस मोठा का तपासणी मोठी?"

काका म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीत बर्फाची पेटी आहे, सोडा आहे. मी खिडकीतून बघितलं. बाहेरच्या बाकावर सात माणसांचं रक्त बसलंय. त्याला दुसरं पाणी न्हाय."

आयाबाई सांगायच्या, "सगळ्यांची तोंडं अशी झाली जणू कुणी मेलं. नुसता डायवर भिताडाकडं तोंड करून हसत व्हता."

हा पहिला आरोप. आता दुसऱ्याकडं यायचं तर मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बहात्तरच्या दुष्काळात वडलांनी कामावर खडी फोडली आणि मला उस्मानाबादला वसतिगृहात ठेवलं. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या वस्तीनं विहारात माझा सत्कार केला होता. नारळ, पेन आणि टाळ्या. लग्न झालं तेही शिक्षणाची किंमत जाणणाऱ्या घरात. नवरा कारखान्यात फिटर. सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं, पण सून शिक्षिका म्हणून ते चारचौघांत मान ताठ ठेवून चालायचे. त्यांना मी मामा म्हणायची.

दोन वर्षांत माझी दोन गरोदरपणं अर्ध्यातच गेली. दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळेनंतर पंधरा दिवसांत डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजला, दगडासारखा झाला. म्हणून मामा मला त्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. काका तेव्हा भावकीत कुणी वारलं म्हणून आठवडाभर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीकडं आपल्या गावाला गेले होते, आणि त्यांच्या जागी एक शिकाऊ पोरगा रक्त घेऊन तपासत होता.

तिथली एक पद्धत होती. खिडकीवरचा कारकून नाव पुकारायचा आणि कागद देताना मोठ्यानं वाचून दाखवायचा. लोकांना वाचता येत नाही, त्यांची सोय, असं सांगितलं जायचं. मला वाचता येत होतं. मी हात पुढं केला. त्यानं कागद माझ्या हाताच्या वरून मामांच्या हातात दिला, पण त्याआधी वाचला.

"रक्त कमी. प्लेटलेट पुरेशा. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह." मग मान वर करून म्हणाला, "म्हंजी गरमी. नवऱ्याचं रक्त साफ हाय. बाईलाच हाय."

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा कुठल्या वागण्यातून होणारा रोग, ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि नवऱ्याचं रक्त साफ म्हटल्यावर पुढचा हिशोब बाकावरच्या प्रत्येकानं मनातल्या मनात केला. एक बाई शेजारणीला म्हणाली, तिलाही हळू बोलायची गरज वाटली नाही, "ही शाळंतली बाई न्हाय का? आमचं पोरगं हिच्याच वर्गात हाय की गं."

एसटीत मामा पुढच्या बाकावर जाऊन बसले. गावात उतरले आणि माझ्या पुढं चालू लागले. दुखऱ्या पायानं मी मागं. घरी नवऱ्यानं एकच विचारलं, "कुणापासून?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं अंथरूण बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझा तांब्या आणि पेला वेगळा काढून मोरीच्या कडेला ठेवला.

हे लिहितानाही माझ्या अंगाची आग होते. वेगळं पाणी म्हणजे काय हे आमच्या माणसांना कुणी शिकवायला नको. पिढ्यानपिढ्या आम्ही ते सोसलं. आणि त्याच आमच्या घरात, एका कारकुनानं वाचलेल्या एका कागदावरून, माझा तांब्या वेगळा झाला. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. वडलांना मी कळवलं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्या कानावर ते कधी पडेल याचे दिवस मोजत होते.

दहाव्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं. "बाईंस, आपले रक्त पुन्हा पाहणे आहे. घाबरू नये. तरी उशीर करू नये. उपाशी येऊ नये. लॅब."

झालं होतं असं. काका गावाहून परत आले आणि सवयीनं त्यांच्या मागं झालेल्या सगळ्या काचा काढून बघत बसले. माझी काच बघितली. मग माझ्या अहवालाची नक्कल मागवली. तिच्यावर इंग्रजीत 'प्लेटलेट्स ॲडिक्वेट' असा शिक्का होता. म्हणजे पुरेशा. काका मोजणीला फार वेळ लावतात म्हणून कारकुनानं तो शिक्का करून घेतला होता, आणि काका नसले की सरसकट मारला जायचा. न मोजता. काचेकडं न बघता. काकांनी तो शिक्का मागून घेतला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. रबराचा धूर थेट डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेला. लोक नाकाला पदर लावून बाहेर पळाले.

कारकून ओरडला, "काय जळतंय, काका?"

"पुरेशा प्लेटलेट."

हा दुसरा आरोप. आणि जळक्या रबराचा वास भिंतीत असतानाच मी त्या खोलीत जाऊन बसले. एकटी. मामांना सांगितलं नव्हतं.

काकांनी आयाबाईंना दारात बसवलं, माझं रक्त घेतलं, औषधात मिसळून काचेवर सोडलं आणि ती काच ओल्या कापसाबरोबर एका वाडग्याखाली झाकून ठेवली. "वीस मिनिटं. त्यांना खाली बसू द्यायचं. घाई केली की तरंगतात आणि खोटं सांगतात." त्या वीस मिनिटांत त्यांनी मला इतके प्रश्न विचारले, जितके कुठल्याच डॉक्टरांनी दोन वर्षांत विचारले नव्हते. पाय कधी सुजला? आधी आजार काय? डोकं दुखतं का? पोटऱ्यांवर जांभळी जाळी दिसते का? मी लाजले. आयाबाईंनी पदराआड बघितलं आणि म्हणाल्या, "हाय की, काका. मासळीच्या जाळ्यावानी."

मग त्यांनी काचेला डोळा लावला. "एक, दो, तीन." ज्वारीचा दाणा टक् करून पडला. दुसरा पडला. मी वाटीकडं बघत होते. सहावा दाणा पडला, "इकसठ" म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, दमले.

"पुढं?"

"पुढं न्हाईत. संपल्या."

त्यांनी काच पुसली, पुन्हा भरली, पुन्हा वीस मिनिटं थांबले, पुन्हा मोजलं. पुन्हा सहा दाणे. "काचेवरची एक म्हणजे रक्तात हजार. इकसठ हजार. चांगल्या माणसाचे ह्या वाटीत पंधरा दाणे तरी पडतात. आणि ह्याच्यावर शिक्का मारला पुरेशा म्हणून!" ते उठून खोलीत येरझारा घालू लागले. "आता बघा बाई. प्लेटलेट कमी झाल्या तर रक्त वाहायला पाहिजे, थांबायला नको. तुमचं तर पायात साकळलंय. हे उलटं आहे. उलटं दिसलं की मला झोप लागत न्हाय."

"म्हणजे काय, काका?"

"तुमच्या गावाला रोजगार हमीचं काम चालू आहे?"

"पाझर तलावाचं."

"मुरमाच्या पाट्या घेऊन बाया उभ्या असतात. बांध कुठं फुटला की मुकादम ओरडतो, बाया धावतात, पाट्या ओततात, भोक बुजतं. त्या बाया म्हणजे प्लेटलेट. आता समजा, मुकादमच बिघडला. काही फुटलेलं नसताना हा बोंबलतोय, 'फुटलं, फुटलं!' बिचाऱ्या बाया धावतात आणि वाहत्या पाटात मुरूम ओतून येतात. पाट तुंबला. तुमचा पाय म्हणजे तो तुंबलेला पाट. लेकरांपर्यंत जाणारा पाटही असाच तुंबला असंल. आणि सगळ्या बाया तिकडं अडकल्या म्हटल्यावर हजेरीला किती भरणार? सहा दाणे."

"आणि मुकादम कोण?"

"तुमच्याच रक्तातला आहे. शरीर परक्यावर धावून जायचं सोडून आपल्याच माणसांवर उठतं. का उठतं, ते पुस्तकात न्हाय."

मग मी ज्या प्रश्नासाठी आले होते तो विचारला. "आणि ते दुसरं? गरमीचं?"

काकांनी फळीवरून एक जाडं, कव्हर गेलेलं पुस्तक काढलं आणि हळदीचा डाग पडलेलं एक पान उघडलं. "ते त्याच मुकादमाचं काम. ह्या तपासणीत त्या रोगाचा जंतू नसतोच, बाई. बैलाच्या काळजाचा अर्क असतो. रोग असला की रक्त त्याला धरतं, म्हणून तपासणी. पण तुमच्यासारखा मुकादम रक्तात असला तरीही धरतं. हे छापलेलं आहे. पॉझिटिव्ह आलं की दुसरी तपासणी करायची आणि मगच तोंड उघडायचं, हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं." त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "तुमचं रक्त बैलाच्या काळजाला चिकटलं, तर तुम्ही बदफैली? कुठला हा न्याय?"

मी रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा. काकांना ते बघवेना. म्हणाले, "पुरे. दुष्काळ आहे."

ती दुसरी तपासणी आमच्या भागात होत नव्हती. काका स्वतःच्या रजेवर, स्वतः एसटीनं, थर्मासात बर्फ घालून माझं रक्त सोलापूरला घेऊन गेले. थर्मास मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "चहा हाय का, काका? आमालाबी द्या की घोटभर."

"रक्त आहे."

कंडक्टर तिकीट न देताच पुढं सरकला. काकांनी त्याला परत बोलावून तिकीट घेतलं.

आठ दिवसांनी निकाल आला. तो रोग नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, खाली सही, शिक्का. हा शिक्का तपासून मारलेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनाही काकांनी माझे आकडे दाखवले होते. त्यांनी मला बोलावून पायासाठी रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं, आणि पुढं दिवस गेले तेव्हा ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली. ते डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, याच्यावर आत्ता कुठं लिहून येतंय, लागू पडेल अशी खात्री देत नाही. लागू पडली. माझ्या आजाराचं लांबलचक नाव मी पुष्कळ वर्षांनी ऐकलं. काकांनी ते कधी घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त आकडा धरला होता, आणि तो सोडला नव्हता.

मुलगी सहा वर्षांची झाल्यावर मी तिला घेऊन त्यांच्या गावी गेले. नोकरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सूक्ष्मदर्शक त्यांचा स्वतःचा होता, तो गोधडीत गुंडाळून कोनाड्यात ठेवला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही. तिला उजेडात उभं केलं, नडग्यांवर कुठं डाग आहे का ते बोटांनी चाचपलं, आणि ज्वारीची वाटी खेळायला दिली. मग माझ्याकडं वळले.

"किती?"

"एक लाख दहा हजार."

"कुणी मोजल्या?"

"यंत्रानं, काका. आता यंत्र आलंय."

"परत मोजायला लावा."

ती आमची शेवटची भेट.

आता तिसरा आरोप.

सोलापूरचा निकाल हातात आल्यावर काका तो घेऊन आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडं गेले. मी बरोबर होते. काका म्हणाले, "साहेब, ह्या बाईंचा पहिला निकाल खिडकीत वाचला. हा पण खिडकीत वाचायचा. ज्या आवाजात तो वाचला त्याच आवाजात."

डॉक्टरांनी कागद बघितला. त्यांचा चेहरा उतरला, तेवढं श्रेय त्यांना देते. पण लगेच सावरून म्हणाले, "अहो, असं कसं? रुग्णाची माहिती अशी चारचौघांत सांगता येत नाही. गोपनीयता असते."

गोपनीयता! माझी लाज बाकावर पसरली तेव्हा ती कुठं होती? चुकीचं होतं तेव्हा ते जाहीर होतं, आणि खरं निघालं तेव्हा ते खाजगी झालं. मी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर मलाच म्हणाले, "बाई, झालं ते झालं. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या." शिकलेल्या माणसानं समजून घ्यायचं, हे मी त्यानंतरही आयुष्यात पुष्कळ ठिकाणी ऐकलं. कुणी कधी मला समजून घ्यायला शिकलं नाही.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "तुमचे सासरे बुधवारी बाजाराला येतात?"

"येतात."

"त्यांना घेऊन या. आणि एक विचारतो, खरं सांगा. तुमचं नाव घेऊ का? न घेता पण वाचता येईल."

मी म्हटलं, "घ्या. त्यांनी घेतलं होतं."

बुधवारी मी मामांना एवढंच सांगितलं की दवाखान्यात बोलावलंय. ते आले. पुढं ते, मागं मी. बाजाराचा दिवस, बाक गच्च भरलेला, भिंतीला टेकून माणसं उभी. त्या दिवशीही टँकर आला नव्हता. मामा मला सोडून दाराजवळ उभे राहिले.

काका लॅबमधून आले. बाकावरच्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, "जरा सरकता का?" चपला काढून बाजूला जोडीनं ठेवल्या. माणसं बसतात तिथं पाय ठेवायचा म्हणून. मग बाकावर चढले. जांभळ्या बोटांत कागद धरला, आणि माझं पूर्ण नाव, गावासकट, खणखणीत आवाजात घेतलं.

"ह्या बाईंना गरमी नाही. कधीच नव्हती. पहिली तपासणी फसली. दुसरी पक्की तपासणी सोलापूरला झाली, तिचा हा कागद. बाईंच्या रक्तात दोष आहे, वागणुकीत न्हाय. ह्या खिडकीत वाचलं ते खोटं होतं. लॅबच्या वतीनं मी त्यांची माफी मागतो."

कारकून खिडकीतून ओरडायला लागला, "काका, उतरा खाली! सायेब, ह्यांना बघा!" डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात आले आणि तिथंच थांबले. मला वर बघवेना.

मग दाराजवळून आवाज आला. "मास्तर."

मामा होते.

"परत वाचा. मला ऐकू कमी येतं."

शिवाराच्या पलीकडून टँकरचा हॉर्न आला तर घरात सगळ्यांत आधी मामांनाच ऐकू यायचा. काकांनी त्यांच्याकडं बघितलं. आणि परत वाचलं. माझं नाव, गाव, सगळं. मामा गर्दीतून पुढं आले, खिडकीसमोर उभे राहिले, कारकुनाकडं बघत म्हणाले, "अजून एकदा. हितं उभ्या असलेल्यांना ऐकू आलं नसंल."

तिसऱ्यांदा वाचताना काकांचा आवाज बसला होता. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मी भिंत धरून खाली बसले. आयाबाई "पाणी, पाणी" म्हणत माठाकडं धावल्या. माठ कोरडा होता.

काका बाकावरून उतरले, अनवाणीच लॅबमध्ये गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. ते बाटली आणि काचेचा एक पेला घेऊन आले आणि त्यांनी तो पेला भरला. अर्धा दिवस स्टोव्ह जाळून थेंब थेंब जमवलेलं, पुढाऱ्याला न दिलेलं ते पाणी. त्याला कसलीच चव नव्हती. मी पेल्याला तोंड लावून अर्धं प्यायले आणि थांबले.

मामा माझ्यासमोर उकिडवे बसले. आमच्याकडं म्हातारी माणसं दुसऱ्याच्या भांड्यातून प्यायची वेळ आली तर वरून पितात, ओठ लागू देत नाहीत. मामांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि सगळ्या बाकादेखत, तोंड लावून, उरलेलं पाणी पिऊन टाकलं.